एकाच पत्त्यावरची माणसं

"पासवर्ड घे ना रे भैया, काहून लाजून राहिला?"

ओसरीत कुणीही टेकलं की पाण्याच्या ग्लासाबरोबर सिस्टर वायफायचा पासवर्ड द्यायच्या. शेजारचे, वरचा भाडेकरू, नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर, कुणालाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना बंद दाराचीच लाज वाटते.

हिंदी मुलखातल्या महाराजपूरच्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. नर्स म्हणून रिटायर झालेल्या, मूळच्या भंडाऱ्याकडच्या. मी अधारतालच्या एका छोट्या इंटरनेटच्या दुकानात कामाला होतो आणि त्यांच्याच गल्लीत राहायचो, म्हणून त्यांच्या घरातली तार मीच ओढली होती. "इतक्यांना देऊ नका," असं मी एकदा म्हणालो, तर त्या हसल्या. "अरे, हवा वाटून संपते का?"

त्यांच्या घरातच त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. तोही रिटायर झालेला, एकटा, इस्त्रीच्या शर्टातला. संध्याकाळी ओसरीत गल्लीतल्या मुलामुलींना फुकट इंग्रजी शिकवायचा. सगळे त्याला मामाजी म्हणत. मीही म्हणायचो. माझा एक अर्ज त्याने सुंदर इंग्रजीत लिहून दिला होता.

कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी त्याच्याकडे शिकून कॉलेजात गेली. आणि एका हिवाळ्यात ती अचानक घराबाहेर पडेनाशी झाली. कुणीतरी तिचा फोटो लावलेलं खोटं खातं उघडून तिच्या नावाने घाणेरडं लिहीत होतं. कॉलेजातल्या मुलांना निरोप जात होते. तिच्या बापाने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं होतं. मुलीने मात्र हिंमत धरली आणि स्वतःच जाऊन तक्रार केली.

एका दुपारी पोलिस आले ते थेट सिस्टरच्या दारात.

"कनेक्शन आपके नाम पे है," साहेब म्हणाले. "सब कुछ इसी घर के आयपी अ‍ॅड्रेस से हुआ है."

सिस्टरनी मला हाक मारली. मी पोचलो तेव्हा त्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या. "अरे, मी तर फोनवर भजनंसुद्धा दुसऱ्याकडून लावून घेते. माझ्या नावाने कसं काय?"

मी समजावलं. "बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच नंबर दिसतो, कंपनीने दिलेला. आतल्या प्रत्येक फोनला हा वायफायचा डबा वेगवेगळा नंबर देतो, पण तो दाराबाहेर जात नाही. इथून कुणीही काही पाठवलं, तरी बाहेर तुमच्या घराचाच नंबर उमटतो."

"म्हणजे वॉर्डाचा नंबर बाहेर अन् बेडचा आत." त्यांनी डब्याकडे बोट केलं. "मग बेड कोणता ते पाहून सांग ना!"

"नाही सांगता येत. लाइट गेली की हा डबा मागचं सगळं विसरतो."

साहेबांची नजर वरच्या भाडेकरूवर गेली. तो सिहोऱ्याचा होता, बियाणं विकायचा आणि दिवसभर लॅपटॉप उघडून बसायचा. त्याला खाली बोलावलं. तो जिन्यावरूनच म्हणाला, "साहब, मैंने कुछ नहीं किया." मामाजी खिडकीशी बसून पेपर वाचत होता. "आजकालची पिढी," तो पुटपुटला.

साहेबांनी निरोप गेले ते दिवस वाचून दाखवले. त्यातला एक रविवार ऐकताच सिस्टर म्हणाल्या, "थांबा. त्या दिवशी तर कांचघरला लग्न होतं. आमची सगळी गल्ली तिकडे होती. अन् हा सिहोऱ्याला, आपल्या आईकडे."

"सिहोऱ्याहून पाठवलं असतं तर बाहेरचा नंबर दुसरा दिसला असता," मी म्हणालो. साहेबांनी मान हलवली. "तो उस दिन घर में था कौन?"

सिस्टर बोटांवर माणसं मोजू लागल्या आणि पहिल्याच बोटावर अडल्या. मी तो चेहरा विसरू शकत नाही. त्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून एकच माणूस घरी राहिला होता, आणि त्याचं ताट त्यांनीच झाकून ठेवलं होतं. त्यांनी वळून खिडकीकडे पाहिलं. पेपर हलत नव्हता.

मला ते खरं वाटेना, आणि त्याच वेळी ते खरं आहे हेही कळत होतं.

सिस्टर गेल्या, भावाच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि साहेबांच्या हातात ठेवला.

"काहून केलं रे?"

"मजाक था, ताई."

"ती इथे, या ओसरीत बसायची," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नाही. मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

फोनमध्ये सगळं निघालं, पोलिस त्याला घेऊन गेले. गल्ली हादरली. काही दिवसांनी गल्लीची जीभ सिस्टरकडेच वळली. सख्खा भाऊ होता, झाकून घ्यायचं होतं, असं बायका म्हणू लागल्या. त्यांनी माझ्यासमोर एकीला उत्तर दिलं, "सख्खा होता म्हणून तर मला आधी दिसायला पाहिजे होतं."

रोज सकाळी त्या शिंप्याच्या घरी जायच्या. मुलीची आई दार उघडायची नाही. त्या थोडा वेळ बाहेर उभ्या राहून परत यायच्या. एके दिवशी दार मुलीनेच उघडलं. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यापासून ती कॉलेजला जायला लागली, आणि बसपर्यंत सिस्टर तिच्या बाजूने चालायच्या, सगळ्या गल्लीदेखत.

पुढच्या उन्हाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. भाऊ जामिनावर सुटून दुसरीकडे राहत होता, तो आला. तिरडी उचलायची वेळ झाली तसा तो खांदा द्यायला पुढे सरकला. सगळे जमिनीकडे पाहत होते.

ज्या दांड्याकडे तो वळला, तिथे आधीच शिंप्याची मुलगी उभी होती. तिने ओढणी कमरेला बांधली, खांदा दिला आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं. तो मागे सरला. आम्ही चालू लागलो.