आईचं अंगण कुठवर

नवस बोलताना माणूस घाईत असतं. फेडायची वेळ आली की मग एकेक शब्द आठवतो आणि वाटतं, हे आपण काय बोलून बसलो. माझं तसंच झालं. मी फार शिकलेली नाही, चौथीतूनच शाळा सुटली, त्यामुळे जसं घडलं तसंच लिहिते. चमत्कार म्हणावं की नाही, ते मला ठरवता येत नाही.

तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. माझे मालक तिथे सळया बांधायच्या कामावर होते. आम्ही बार्शीकडचे. जवळच्या पाम गावाच्या बाजूला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यात आमची खोली. ओळखीचं कुणी नाही. हवा खारी, पाणी मचूळ, आणि दारासमोरून दिवसभर खडीच्या लॉऱ्या. आमचा दिगू तिथेच पहिलं पाऊल टाकायला शिकला. पत्र्याला धरून चार पावलं चालायचा, पडायचा आणि स्वतःच हसायचा.

फाल्गुनात त्याला गोवर आला. अंग तव्यासारखं तापलं, डोळे उघडेनात. औषध चालू होतं, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमच्या ओळीत सुकी मासळी विकायला एक बाई यायची. ती दारातूनच त्याला बघून म्हणाली, "केल्व्याच्या आईला सांग गो. पोरांची आई हाय ती." मी समुद्राच्या दिशेने हात जोडले आणि आमच्याकडे बोलतात तसा नवस बोलले, "आई, माझं लेकरू बरं कर. तुझ्या अंगणात आणून खेळवीन."

आमच्या गावात हा नवस अगदी साधा. तिथल्या देवीपुढे मोठं मोकळं अंगण, मधे लिंबाचं झाड. नवसाची पोरं त्या धुळीत लोळतात, आया ओट्यावर बसून बघतात. पोर हसलं, देवीच्या मातीत माखलं, की नवस फिटला.

दिगूचा ताप उतरला. पण तापाबरोबर त्याचा खेळही गेला. खाली ठेवलं की पाय पोटाशी घ्यायचा आणि रडायचा. सगळा दिवस माझ्या कमरेवर, रात्री माझ्या छातीवर. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, जाईल. मला मात्र वेगळंच वाटायचं. नवस राहिलाय, म्हणून आईने अर्धंच लेकरू परत दिलंय, असं. रात्री दहादा उठून मी त्याच्या नाकाशी बोट धरायची.

चैत्रात केळव्याच्या त्या देवीची जत्रा आली. मालकांना सुट्टी मिळेना, काँक्रीट ओतायचं काम चालू होतं. ते म्हणाले, "एकटी कशी जाशील? पुढच्या सालाला जाऊ." मी म्हटलं, "पुढच्या सालापर्यंत मला झोप यायची न्हाई." बोईसर स्टेशनवर येऊन त्यांनी मला पॅसेंजरमध्ये बसवून दिलं आणि खिडकीशी येऊन एवढंच सांगितलं, "अंधार पडायच्या आत माघारी ये."

केळवे रोडला उतरून टांग्याने देवळापाशी गेले, तर पाऊल ठेवायला जागा नव्हती. दर्शन झालं, ओटी भरली. पण अंगण कुठे होतं? देवळाच्या दारापासून नारळवाल्यांची, फुलवाल्यांची पालं लागलेली, आणि उरलेल्या जागेत माणसांची रांग. एका खांबाशी हातभर जागा दिसली, तिथे मी दिगूला उतरवलं. त्याने लगेच माझ्या लुगड्याचा सोगा घट्ट धरला. रांग सांभाळणारा माणूस धावतच आला. "बाई, पोर उचला. पायाखाली येईल." मी म्हटलं, "नवसाचा आहे, जरा खेळू द्या." तो म्हणाला, "इथे मोठ्या माणसांना उभं राहायला मिळत नाही, खेळवता कसले?"

मग मी भटकायला लागले. वाटलं, जत्रा देवीचीच आहे, जत्रेत खेळला तरी चालेल. लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा होता, तिकडे गेले. पाळणेवाल्याने दिगूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लहान आहे. पकडायला येत नाही त्याला." मी म्हटलं, "मी धरते की." तो म्हणाला, "तुम्ही बसलात तर घोडा बसेल, बाई." आजूबाजूची माणसं हसली. एरवी मीही हसले असते. उभ्या पाळण्यात मात्र त्याला घेऊन बसता आलं. पाळणा वर जायला लागताच दिगूने असा टाहो फोडला की पाळणेवाल्याने तो थांबवून आम्हाला उतरवलं. कागदाची फिरकी घेऊन दिली, तर ती धरायलाही त्याने हात पुढे केला नाही. मिठाईच्या पालामागे थोडी मोकळी जमीन होती, पण तिथे तेलाची कढई उकळत होती. एका नारळीच्या वाडीत सावली बघून शिरले, तर वाडीवाला ओरडला, "आत नको, नारळ पडतो डोक्यात."

ऊन चढलं होतं. कमरेला कळ लागली होती. जिथे जावं तिथे कुणीतरी पोर उचलायलाच सांगत होतं. मी देवीला मनातल्या मनात बोलूही लागले, की तूच बोलावलंस ना, मग एवढ्याशा लेकरापुरती जागा का नाही ठेवलीस? असं बोलले आणि लगेच घाबरले. देवीशी भांडले, आता ही रागावली तर? मग तोंडात मारून घेतलं आणि पुन्हा चालू लागले. दिवस कलायच्या आत नवस फिटला नाही, तर तसंच परत जावं लागणार होतं. रात्री ताप पुन्हा चढेल, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

चालता चालता पालं संपली आणि पायाखाली रेती आली. पुढे समुद्र. काठावर कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. त्यातल्या एका होडीतून लहान पोरांचा आवाज येत होता. बघते तर कडेवरून नुसती डोकी दिसताहेत, काळी काळी, वर येताहेत, खाली जाताहेत. आत जुनं जाळं पसरलेलं, शिंपले आणि जाळ्याला बांधायची हलकी लाकडं पडलेली, आणि दीड-दोन वर्षांची चार-पाच पोरं त्यात रांगत होती. होडीच्या सावलीत एक म्हातारी पाय पसरून बसली होती.

"कुनाची गो तू? उन्हात काय भटकतंस?" तिने विचारलं.

मी विचारलं, ही पोरं कुणाची. ती म्हणाली, "सुनांची, भाचींची. त्या बसल्यात जत्रेत बोंबील विकीत. जत्रेला होड्या पान्यात नाय जात, मंग पोरं घालतो होडीत. चढायला येत नाय, पलायला येत नाय. आन तुझ्या त्याला दे हिकडं."

तिने हात पुढे केले. मी दिगूला आणखीच आवळून धरलं. म्हटलं, "नको मावशी. माझा नवस आहे. ह्याला आईच्या अंगणातच खेळवायचंय."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "मंग माझ्या आंगनात उभी हायस काय तू? आईचं आंगन कुठवर हाय वाटलं तुला, त्या नारलवाल्याच्या पालापतूर? अगो, पानी लागतं तितवर तिचंच. आमी निस्त्या होड्या ठेवतो."

आता वाटतं, तिने ते मुद्दाम सांगितलं नसेल. तिच्यासाठी ती रोजचीच गोष्ट असणार. पण सकाळपासून मी जी जागा शोधत होते, तिच्यातूनच हिंडत होते, हे ऐकून माझी मिठी सैल झाली. तिने दिगूला माझ्या हातातून काढून होडीत ठेवलं. तो रडायला लागला. मी कडेला हात टेकून आत चढणार, तर तिने माझा हात धरला.

"तू नको जाऊ. आई आत गेली का पोर मांडीवरनं हलत नाय. बस खाली."

"पडला तर, मावशी?"

"जाल्यावर पडंल, मऊ हाय जालं. बस."

मी होडीला पाठ टेकून रेतीत बसले. आतून त्याचं रडणं ऐकू येत होतं. मी उठायची, ती पदर धरून खाली बसवायची. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मी मनात म्हणत होते, आई, आता तूच बघ, मला बघू देत नाहीत. लाटांचा एकसारखा आवाज येत होता, सावली गार होती, आणि गोवर आल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा धड लागला नव्हता. रडणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी झोपले होते.

डोक्यावर काहीतरी टपकन पडलं, तशी जाग आली. हात लावला, केसात रेती. पुन्हा एक पडलं. शिंपला होता. मी मान वर करून पाहिलं. होडीच्या कडेवर दोन छोटे हात, आणि हातांच्या मधे दिगूचे डोळे. मी बघितलं तसा तो खाली दडला. आत खुदखुदण्याचा आवाज आला. मग पुन्हा वर आला, शेजारच्या पोरीने हातात दिलेला शिंपला नेम धरून माझ्या कपाळावर टाकला आणि मोठ्याने हसला. तो उभा होता. कुणी धरलेलं नव्हतं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"कवापास्नं चाललाय," म्हातारी म्हणाली. "उठवली नाय तुला. खेल मोडला असता त्याचा."

मी रडले. दिगूला वाटलं हाही खेळच, म्हणून त्याने आणखी शिंपले टाकले. जाताना मी म्हातारीच्या पाया पडले, तर ती म्हणाली, "माझ्या नको. वाटेवर हाय देऊल." देवळाच्या पायरीवर डोकं टेकवलं, तेव्हा दुपारी केलेलं भांडण आठवलं आणि लाजही वाटली नाही. आईशीच तर भांडले होते.

नवस मी फेडला, असं मला म्हणवत नाही. मी खेळवीन म्हटलं होतं, आणि खेळायला सुरुवात झाली तेव्हा मी झोपेत होते. तिने बरा केला, तिनेच जागा दिली, तिनेच खेळवला. माझ्याकडे फक्त हात सोडायचं काम होतं, आणि तेही माझ्या हातून एका म्हातारीने करून घेतलं. तिचं नावही मी विचारलं नाही. समुद्राकडे तोंड केलं की अजून तिलाच हात जोडले जातात, आणि ते आईला पोचत असावेत असं वाटतं.

अंधार पडायच्या आत परतले. मालक स्टेशनवर उभे होते. दिगूने त्यांच्या अंगावर झेप घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळीतल्या बायका दाराशी भांडी घासत होत्या. मी दिगूला त्यांच्यात सोडलं आणि मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून उंबऱ्यात तांदूळ निवडायला बसले. सूप हातात, पण सगळं लक्ष पाठीकडे. रस्त्यावर लॉरी वाजली की मान वळायला बघायची. मी ती धरून ठेवली. थोड्या वेळाने पाठीवर एक बारीक खडा येऊन लागला.

मी वळले नाही. दुसऱ्याची वाट बघत तशीच बसून राहिले.