दोन सुळ्यांवरची कवळी

माझ्या खालच्या जबड्यात शेवटी दोनच दात उरले होते, दोन बाजूंचे दोन सुळे. तेही काढून टाका आणि मोकळ्या व्हा, असं येणारा-जाणारा मला सांगायचा. माझ्या दातांची लोकांनाच जास्त घाई. पण खालची कवळी नुसत्या हिरडीवर ठरत नाही, जीभ हलली की तीही हलते, हे मी माझ्या आईच्या तोंडात वर्षानुवर्षं पाहिलं होतं. वसईच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळं सांगितलं. सुळे हिरडीलगत कापायचे, पण मुळं जबड्यात जपायची. त्यांच्यावर धातूची बारीक बटणं बसवायची, आणि कवळी त्या बटणांवर टक्कन बसते. मुळं राहिली तर हाडही लवकर झिजत नाही, असं त्या म्हणाल्या. मी तिथेच हो म्हणून टाकलं.

अडचण मधल्या दिवसांची होती. सुळे कापल्यावर त्यांना अडकवलेली खालची जुनी कवळी बसेना आणि नवी यायला काही आठवडे होते. खालची नाही तर वरची तरी कशाला, म्हणून मी दोन्ही डबीत ठेवल्या आणि तोंडाचं बोळकं घेऊन राजोडीच्या घरात वावरू लागले. गाल आत गेले, हनुवटी नाकाकडे सरकली. आरशात पाहिलं तर माझी आई उभी. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. मी आरशाकडे बघणंच सोडलं.

माझ्या नवऱ्याचं विसरणं त्याआधीपासून चालू होतं. वार, जेवण, शेजारी, एकेक निसटत होतं. पण मला ते ओळखायचे, आणि माझी सगळी भिस्त त्यावर होती. तिसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले तर ते पाय आखडून नीट बसले.

"मावशी, तुमी कशाला तरास घेतला?" ते म्हणाले.

माझ्या आईला ते मावशी म्हणायचे आणि तिच्यासमोर असेच अदबीनं बसायचे. मी हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळपर्यंत ते मला 'तुमी'च म्हणत राहिले आणि मधूनमधून दाराकडे बघत राहिले.

आमच्याकडे दिवेलागणीला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते आणि शेवटी घरातल्या मृतांची नावं घेतात. तो मान त्यांचा. बाकी सगळं गेलं तरी ती यादी त्यांना आजोबांपासून क्रमानं पाठ होती. प्रत्येक नावानंतर मी शांती मागायची. त्या आठवड्यात एका संध्याकाळी माझ्या आईचं नाव आलंच नाही. ते तिथे जरा थांबले आणि पुढे गेले. शेवटी मात्र एक नाव वाढलं होतं. ते माझं होतं. आणि सवयीनं माझ्याच तोंडून निघून गेलं, "प्रभू, तिला शांती दे."

मी जिवंत आहे, ही समोर बसले आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं, तरणी लेक गेलेल्या बाईकडे बघावं तसं. त्यानंतर रोज संध्याकाळी मी मेलेली असायची. दिवसा ते माझ्यापाशी माझ्याबद्दलच बोलत. तुमची मुलगी तापट होती, पण तिच्याशिवाय घरात करमत नाही म्हणत. खरं सांगते, मला त्या मेलेल्या बाईचा हेवा वाटू लागला. कधीकधी भीतीही वाटायची, की गावातली माणसं खरंच मला पुरून आलीत आणि मलाच कुणी सांगितलेलं नाही.

मी दवाखान्यात रोज फोन करून डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं. अखेर कवळी आली. बाईंनी ती बोटांनी दाबली आणि दोन्ही बाजूंना टक्, टक् झालं. माझ्याच मुळांनी तिला धरलं होतं. मी जीभ फिरवली, मुद्दाम खोकले, ती जागची हलली नाही. बाईंनी आरसा धरला आणि त्यात मी होते. रिक्षात बसल्यावर मला रडू आवरेना.

घरी पोहोचले तेव्हा ते अल्तारासमोर, भिंतीवरच्या क्रुसापुढे बसले होते. सोबतीला बसलेली शेजारीण उठून गेली आणि मी त्यांच्या पुढ्यात बसले. त्यांनी बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी मला माझ्या नावानं हाक मारली. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, तिथून कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि आवाज खाली केला.

"मावशीला न्यायला आलीस का? त्यांना नको नेऊ. त्या गेल्या तर माझं कोन करनार?"

"नाही नेत," मी म्हटलं.