नाल्याचा वाळा आणि अण्णांचा माठ

चिमे, घराला कुलूप तू लावलंस आणि किल्ली अण्णांनी तुझ्या हातातून काढून घेतली, आठवतं? मिरजेला गाडी हलली तरी ती त्यांच्या मुठीतच होती. तू खिडकीशी उभी राहून मुसमुसत होतीस आणि मी आतून तुला दटावत होते, "अगं, चंडीगडला चाललेत, अंदमानला नाही!" दटावत कसली होते, ओढणीनं माझेच डोळे पुसत होते. त्याआधी अण्णा अंगणात चक्कर येऊन पडले, तेव्हाच त्यांना आता एकटं ठेवायचं नाही हे आपण दोघी लेकींनी फोनवर ठरवून टाकलं. तुझं बंगळुरातलं घर एवढंसं, म्हणून ते माझ्या वाट्याला आले.

मी पहिल्यांदा इकडे निघाले तेव्हा त्याच फलाटावर ते मला म्हणाले होते, "आधी तिथलं पाणी बघ. पाणी मानवलं की बाकीचं मानवतं." पाटकरी माणूस, सारी नोकरी कालव्याची दारं उघडण्यात आणि बंद करण्यात गेली. त्यांना दुसरं काय सुचणार? आणि गंमत बघ, पोटापाण्यासाठी मी इथं पाणीच बघते, पण घाणेरडं. शहरातून वाहणाऱ्या नाल्याचं पाणी आम्ही टबांत भरतो, त्यात वाळा लावतो आणि त्याची मुळं पाण्यातलं शिसं किती ओढून घेतात ते मोजतो. आमच्याच लॅबच्या दुसऱ्या खोलीत स्वच्छ मातीतल्या वाळ्याचं तेल काढून त्याचे औषधी गुण तपासतात. झाड एकच. एका खोलीत ते औषध आणि आमच्या खोलीत सफाई कामगार.

इथं आल्यावर अण्णांचे हाल झाले, खोटं कशाला बोलू. दिवसभर दुसऱ्या मजल्यावर कोंडून, बाहेर लूच्या गरम झळा, खालच्या सरदारीण आंटीजी पंजाबीत बोलणार आणि हे आपल्या वाळव्याच्या मराठीत. दोघंही एकमेकांना "हां जी, हां जी" करून मोकळे. "हितलं पाणी म्हंजे निस्तं ओलं," असं एकदा मला म्हणाले. फिल्टरचं पाणी घशाखाली उतरेना म्हणून आम्ही माठ आणला. तरी तोंड वाकडंच. शेवटी मी त्यांना रोज सोबत लॅबच्या नेट हाऊसमध्ये, म्हणजे टब ठेवलेल्या जाळीच्या शेडमध्ये, नेऊ लागले. तिथं सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि टबातल्या वाळ्याकडे बघत राहायचे, जसं काही गावाकडचं कुणी भेटलंय.

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. उन्हाळ्यात माठात वाळ्याची पुरचुंडी टाकल्याशिवाय आपल्या घरी कधी कुणी पाणी प्यायलंय का? टबांतली मुळं काढून, धुऊन मी ट्रेमध्ये सुकत ठेवली होती. अण्णांनी त्यातली मूठभर उचलली, स्वच्छ फडक्यात बांधली आणि घरी येऊन माठात सोडली. दुसऱ्या दिवशी ऊन फार म्हणून ते घरीच थांबले. संध्याकाळी मी भाजून निघून घरी आले, तर त्यांनी हसत हसत तांब्या पुढे केला. चिमे, काय सांगू तुला! पहिल्या घोटातच जीव गार झाला. आईच्या हातचं पाणी, आपलं स्वयंपाकघर, सगळं आठवलं. मी डोळे मिटून अख्खा तांब्या संपवला.

मग डोळे उघडले. "अण्णा, वाळा कुठून आणला?"

"तुझ्याच हितला की. एवढा ढीग वाळत पडलाय."

मी किंचाळले गं. माठ उचलून बाथरूममध्ये उपडा केला. "विष आहे ते! सकाळपासून हेच पिताय? काही कळतं का तुम्हाला!" अण्णा हातात रिकामा तांब्या घेऊन उभे. "वाळ्याला विष म्हणतीस?" एवढंच बोलले. मी त्यांना स्कूटरवर बसवून तडक डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाच्या पाण्यानं काही होत नाही, फक्त पुन्हा पिऊ नका. सकाळी अण्णांना घेऊनच लॅबच्या मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. एका टबाची मुळं कमी पडली, तो टब हिशेबातून काढावा लागला, पण त्या रागावल्या नाहीत. अण्णांचा हात धरून म्हणाल्या, "घर दी याद आ गई, अंकल जी?" अण्णांना शब्द कळले नसतील, पण मान खाली घालून हसले.

मला वाटलं, मिटलं. पण त्या दिवसापासून अण्णा विचारायला लागले. "गॅस लावू का?" "खिडकी उघडू का?" "हा टावेल घेऊ का?" ज्या माणसानं पाण्याच्या भर पाळीत आमदाराच्या माणसाला कालव्याच्या दाराला हात लावू दिला नाही, तो माझ्याच घरात मला विचारतोय, पंखा लावू का! मी माफी मागितली तर म्हणाले, "तुझं बराबर हाय. मला हितलं कळत न्हाई." ओरडले असते तर परवडलं असतं. रात्री उशीत तोंड खुपसून रडले मी.

आणि मग तुझा फोन. "ताई, अण्णा म्हणतात माझं मिरजेचं तिकीट काढ, रविवारचं. काय झालंय तुमच्यात?" तिकडे घर बंद, शेजारी कुणी नाही, पुन्हा पडले तर तांब्याभर पाणी द्यायला माणूस नाही. आणि मी त्यांना धरून ठेवणार तरी कशी, बांधून? तू तिकीट काढलंस, त्यात तुझी काय चूक.

मॅडमनी स्वच्छ पाण्यावर वाढवलेल्या वाळ्याची चार ठोंबं अण्णांना दिली होती, "ये बिल्कुल साफ है, पक्का" असं सांगून. ती ओल्या पोत्यात गुंडाळून बाल्कनीत पडून. मी म्हटलं, "लावा की कुठंही." तर म्हणे, "कुठं लावू ते तू दाखव." मीही त्यांचीच लेक. म्हटलं, नाही दाखवणार जा. तुमचं तुम्ही बघा. पोतं तसंच. मी येता-जाता त्यावर पाणी शिंपडायची आणि मनात म्हणायची, अण्णा, नका ना जाऊ.

आज संध्याकाळी घरी आले. बाल्कनीत सगळीकडे माती. माझा अडेनियम, जीव लावून वाढवलेला, मुळासकट गायब. दोन्ही जरबेरा गायब. मोठाल्या चारही कुंड्यांत वाळा, आणि अण्णा धोतराचा काचा मारून भिंतीला टेकून बसलेले.

"माझी झाडं कुठायत?"

"दिली खालच्या बाईंना. निस्ती शोभेची. कुणाच्या कामाची न्हाईत."

"मला विचारायचं तरी!"

"त्यात काय विचारायचं?" वर माझ्यावरच खेकसले, "बघत काय उभारलीयास? पाणी आण."

मी पाणी आणायला आत गेले आणि नळ सोडून ढसाढसा रडले. चिमे, घर घर म्हणून आपण जन्मभर कशाकशाला कवटाळतो. मला विचारशील तर आपलं माणूस न विचारता आपल्या वस्तू कुणाला तरी देऊन टाकतं आणि वर आपल्यालाच दटावतं, ते घर. मला ते आज इथं दुसऱ्या मजल्यावर मिळालं.

बाहेर येऊन भीतभीतच म्हटलं, "अण्णा, परवा रविवार."

"मग? ह्याला मुळं धरायला येळ लागतोय. तवर पाणी कोण घालणार, तू?"

तिकीट रद्द कर. आणि अडेनियमचं त्यांच्यापाशी एक अक्षर काढू नकोस.