थांबाआजींचा हात

शाळेसमोरच्या रस्त्यावर गोल लाल पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईंना मुलं थांबाआजी म्हणत. पाटीवर ‘थांबा’ लिहिलेलं होतं आणि पहिलीतल्या बऱ्याच मुलांची समजूत होती की ते आजींचं नाव आहे. आजींनी ती कधी दुरुस्त केली नाही. दुरुस्त करायला अंगात त्राण लागतं आणि त्यांचं सगळं त्राण गुडघ्यांत खर्ची पडत असे.

कामाची रीत ठरलेली. मुलांनी फुटपाथच्या कडेला गोळा व्हायचं. आजींनी दोन्हीकडे बघायचं, पाटी घेऊन मधोमध जायचं आणि मोकळा हात वर करायचा. हात वर झाला की मुलं निघत. त्या हातापुढे ट्रक थांबत, बस थांबत. एकदा मंत्र्याची गाडी थांबवली होती म्हणे. निदान कोपऱ्यावरचा औषधवाला गिऱ्हाइकांना तसं रंगवून सांगे. आजींच्या मते ती लग्नाला भाड्याने घेतलेली गाडी होती.

डॉक्टरांनी मात्र आता स्पष्टच सांगितलं होतं, “सहामाही संपली की पाटी खाली ठेवा. नाहीतर तुम्हालाच कुणीतरी उचलून घरी आणावं लागेल.”

सून खूश झाली. आजी झाल्या नाहीत, कारण त्यांच्या जागी येणारं कुणी नव्हतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी परोपरीने शोधलं होतं. “ऊन खायचं आणि वर गाडीवाल्यांच्या शिव्या खायच्या, कोण येणार, मावशी?” त्या म्हणाल्या. “सिग्नल बसवा म्हणून मागणी केलीय. बसेल तेव्हा खरा.”

म्हणजे सहामाहीनंतर मुलं एकटीच रस्ता ओलांडणार. आजी स्वतःची समजूत घालत, इतकी वर्षं शिकवलंय, येईल त्यांना.

एका सकाळी उजवा गुडघा असा काही धरला की आजींना औषधवाल्याच्या पायरीवर टेकावंच लागलं. “हलू नका रे, आलेच मी,” त्यांनी मुलांना सांगितलं. मुलं हलली नाहीत. तेवढ्यात पलीकडच्या फुटपाथवर एका गृहस्थांनी टॅक्सी थांबवायला हात वर केला, आणि सगळ्यांत पुढे उभी असलेली पहिलीतली बटण सरळ रस्त्यात उतरली.

बटण म्हणजे गोल चेहऱ्याची, शिंपीणबाईंची मुलगी. पावाची व्हॅन किंचाळत थांबली ती तिच्या दप्तराला टेकूनच. आतले ट्रे धडाधड कोसळले. व्हॅनवाला खाली उतरला. त्याने गृहस्थांना झापलं, गृहस्थांनी व्हॅनवाल्याला झापलं, औषधवाल्याने दोघांना. आजी कशाबशा उठल्या आणि बटणला कवेत घेऊन फुटपाथवर आणली.

“हलू नका म्हटलं होतं ना मी? का गेलीस गं?”

“हात वर झाला ना, आजी,” बटण म्हणाली. तिला अजून रडूही आलं नव्हतं. “कुणाचा ते नाही बघितलं.”

संध्याकाळी आजी जेवायला बसल्या नाहीत. सून ताट घेऊन खोलीत आली. “आई, पोरगी सुखरूप आहे. आता कशाला जिवाला लावून घेता? हात त्या माणसाने केला, तुम्ही नाही.”

“अगं, त्यांना रस्ता बघायला मी कधी शिकवलंच नाही. माझ्याकडे बघायला शिकवलं. गाड्या मी बघायच्या आणि त्यांनी माझा हात बघायचा. उद्या मी नसले की कुणी डोकं खाजवायला हात वर केला तरी ही पोरं निघतील.”

सुनेने ताट परत नेलं नाही, ते समोर ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आजींनी पाटी औषधवाल्याकडे टाकली, भगवं जॅकेट काढून पिशवीत कोंबलं आणि मुलांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना बघून गाडीवाले सवयीने थांबत, म्हणून जॅकेट नको. हात पाठीमागे धरले.

“आजी, हात कर ना!”

“आज माझा हात सुट्टीवर आहे. तुम्ही बघा आणि मला सांगा. त्याशिवाय कुणी पाय उचलायचा नाही.”

“ती सायकल गेली की जायचं?”

“सायकलच्या मागे काय आहे?”

“काही नाही... आहे! बस!”

असं चाललं होतं. मुलं उशिरा पोचू लागली. एक वडील म्हणाले, “आजी, तुम्ही काम करता की गंमत बघता?” मोठ्या बाई स्वतः फाटकाबाहेर आल्या.

“मावशी, तुम्ही हात बांधून उभ्या असताना एखाद्याला लागलं तर मी काय तोंड दाखवू?”

तीच भीती आजींना रात्रभर जागवत होती. “मी मागे आहे, बाई. दप्तर धरायच्या अंतरावर,” एवढंच त्या म्हणाल्या. मोठ्या बाईंनी पहिली घंटा थोडी उशिरा करायला सांगितली.

दिवस गेले तसे आजी आणखी थकल्या. हात करून मुलं नेणं सोपं होतं. हात न करता उभं राहण्याने खांदे भरून येत.

सहामाहीच्या शेवटच्या आठवड्यात बटण पुढे होती. व्हॅन आली त्या दिवसापासून ती मागेच राहायची. आज तिची तीच आली. एक मोकळी संधी तिने सोडली, दुसरी सोडली. मागची मुलं कुरकुरली. “अगं चल की, कासव!”

“गप रे. उभ्या गाडीत माणूस बसलाय. ती निघेल.”

आजींनी ती गाडी पाहिलीच नव्हती. ती निघाली आणि वळणाआड गेली. बटणने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, पुन्हा पहिल्या बाजूला पाहिलं.

“चला.”

सगळी गेली. न धावता, माना दोन्हीकडे फिरवत. पलीकडे पोचल्यावर एकालाही आजींची आठवण झाली नाही. हसत-ढकलत फाटकातून आत शिरली. आजी रस्ता रिकामा होईपर्यंत बघत राहिल्या, मग पायरीवर टेकल्या.

“झालं का तुमचं शिकवून?” औषधवाल्याने आतून विचारलं.

“एक तुकडी झाली,” आजी गुडघा चोळत म्हणाल्या. “दुपारच्या शाळेची राहिलीत. ती जास्त वांड आहेत. जरा पाणी द्या बघू.”