लगाम कुणी चढवायचा

धारच्या आमच्या गल्लीतल्या हंबीररावांना माणसांची शिसारी येते, घोड्यांची नाही. पंगतीत बसले की आधी वाटीला नाक लावून बघतात. पीथमपूरच्या कारखान्याच्या शिफ्ट बसमध्ये शेजाऱ्यानं डबा उघडला की खिडकीबाहेर तोंड काढतात. आणि हाच गृहस्थ सुट्टीच्या दिवशी शिकायला आलेल्या घोडीच्या तोंडात बोटं घालून दाढा चाचपतो! त्यांच्या पत्नी भवानीबाई म्हणतात, "माझा चहा दोनदा गाळून पितात, अन् तिचा मुका घेतात."

यंदा कंत्राटदार भैयासाहेबांनी दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी पांढरी घोडी आणली आणि हंबीररावांकडे शिकवायला ठेवली. त्यांनी चार महिने खपून तिला इशाऱ्याला इतकी हलकी केली की लगाम ओढायला नको. स्वार मागे रेलला की थांबायचं, सावरून बसला की चालायचं. भैयासाहेबांना सरावाला बोलावून बोलावून ते थकले. साहेब दोनदा आले, फोटो काढून गेले.

दसऱ्याला चौकात साहेब छाती काढून मागे रेलले आणि गच्चीवरच्या मंडळींना हात जोडले. घोडी थांबली. पुढच्या गच्चीला पुन्हा नमस्कार, पुन्हा घोडी उभी. सात गच्च्या, सात मुक्काम! मागून कुणीतरी भैयासाहेबांना ओरडलं, "भिया, पेट्रोल संपलं का?"

घोडी एकदाही चुकली नव्हती. हे फक्त हंबीररावांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैयासाहेब गुटखा चघळत दारात उभे. हातात काटेरी लगाम, कुठून तरी जुना आणलेला. दात्यांत कुणा मुक्या जिवाचं रक्त वाळून काळं झालेलं. हंबीररावांना उमासा आला.

"हा घाला, हंबीररावजी. माजलीये साली."

"यानं जीभ फाटेल तिची."

"फाटू द्या. घोडी माझी आहे ना?"

हंबीररावांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"आपलीच आहे. पण आमच्याकडे ज्याला ओढायचा, त्यानंच पहिल्यांदा चढवायचा. घाला बोटं. घाबरू नका, कडेला दात नसतात."

गल्ली बघत होती, त्यामुळे साहेबांना माघार घेता येईना. त्यांनी बाह्या सारल्या, दोन बोटं घोडीच्या ओठाआड सरकवली. तिनं नुकताच हिरवा चारा खाल्ला होता. चिकट, हिरवा, कोमट फेस मनगटावरून पार कोपरापर्यंत ओघळला.

"छी! छी छी छी!" लगाम खाली पडला. साहेब हात लांब धरून ओकायच्या बेतात. "पाणी द्या यार! साबण द्या!"

"रोजच करावं लागेल," हंबीरराव गंभीरपणे म्हणाले.

"भाड में जाए! पुढच्या वर्षी उघडी जीप काढू. हिला ठेवा इथंच, तुम्हीच फिरवा."

साहेब गेले. जाता जाता पायरीवर गुटख्याच्या तीन लालभडक पिचकाऱ्या मारून गेले. हंबीररावांनी नाकाला टॉवेल बांधला, फिनाईलची बाटली आणली आणि शिव्या देत पायरी घासायला बसले.