मास्तरीणबाईंचे वाचन

मास्तरीणबाई कादंबरी परत पाठवताना आत एक चिठ्ठी घालत, आणि ती चिठ्ठी कादंबरीपेक्षा हमखास चांगली असे. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा कागद, बोरूने लिहिलेल्या तीन-चार ओळी, खाली सही नाही. मी तेव्हा ठाण्याला तळ्याकाठच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हे नाव मोठे. काम म्हणजे पुस्तके देणे, घेणे आणि कपाटांना वाळवी लागू न देणे. वय बावीस-तेवीस. पुस्तके मी वाळवीपेक्षा अधिक नेमाने खात असे, पण त्या चिठ्ठ्या येऊ लागल्यापासून मला पुस्तकांची नव्हे, त्यांच्या परत येण्याची ओढ लागली.

ते दिवस कादंबऱ्यांच्या अमाप पिकाचे होते. मुंबईहून दर महिन्याला गठ्ठा येई. निम्म्या पुस्तकांत राजकन्या कोंडलेली असे आणि उरलेल्या निम्म्यांत एखादा गुप्त पोलीस दाढी लावून हिंडत असे. 'हेमलतेचे हरण' परत आले तेव्हा चिठ्ठीत होते: "पहिल्या शंभर पानांत नायिका अकरा वेळा मूर्च्छित पडली. आधी वैद्यास दाखवावी. गोष्ट नंतर सांगावी." दुसऱ्या एका पुस्तकाविषयी होते: "चोर भुयारातून येतो, राजा भुयारातून जातो, प्रियकर भुयारात भेटतो. या वाड्याला दार ठेवायचे गवंडी विसरला काय?" आणि 'सातवा खिळा' नावाच्या खुनाच्या पुस्तकात, ज्याच्यासाठी आमच्याकडे वीस जण नंबर लावून बसले होते, एवढेच निघाले: "खून कोणी केला ते मला तिसऱ्या पानावर कळले. पोलिसाला दोनशे तिसाव्या पानावर कळले. आणि पगार त्याला मिळतो."

नायिकेच्या वर्णनावर त्यांचा विशेष राग. सिंहासारखी कंबर, हत्तीसारखी चाल, हरणासारखे डोळे आणि पोपटासारखे नाक अशी एक सुंदरी त्या महिन्यात सगळ्या ठाण्याची झोप उडवत होती. तिच्यावरचा शेरा: "ही बाई आहे की राणीची बाग?" रविवारी कमिटीचे सभासद जमले की मी हे शेरे मोठ्याने वाचून दाखवी. मंडळी पोट धरून हसत. सभासदांच्या यादीत या पुस्तकांपुढे कोणा तात्यांचे नाव होते, तेव्हा चिठ्ठ्या लिहिणारा हा कोणी तरी पिकलेला, संस्कृत पचवलेला गृहस्थ असणार असे सर्वांनी ठरवून टाकले होते. हे तात्या पूर्वी कल्याण स्टेशनात तारमास्तर होते आणि आता नौपाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, एवढे मला ठाऊक होते. पुस्तके शाळेचा गडी नेई-आणी.

एकदा गडी आजारी पडला म्हणून मीच पुस्तक घेऊन गेलो. तात्या ओसरीवर खाटेवर बसले होते. तोंडावर देवीचे व्रण, आणि दोन्ही डोळे गेलेले. मी दारातच थबकलो. त्यांनी माझ्या हातातले पुस्तक चाचपले, उघडून त्याचा वास घेतला आणि आनंदाने आत हाक मारली, "अगं, आलं गं! जाड आहे!"

आतून चाळिशीच्या एक बाई आल्या. उंच, सावळ्या, हातांना खडू लागलेला. गावातल्या मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई. बाईमाणसाने पायांत जोडे घालून भर रस्त्याने शाळेत जावे याबद्दल गावाने त्यांना काय काय म्हटले होते ते मी ऐकले होते. स्वतःही एकदा फिदीफिदी हसलो होतो. त्यांनी पुस्तकाचे नाव पाहिले आणि कपाळाला आठी घातली. "लायब्ररीवाले, याहून मूर्ख पुस्तक मिळालं नाही का?"

"बाई, चिठ्ठ्या तुम्ही लिहिता?"

"मग कोण? यांना तर सगळीच पुस्तकं आवडतात."

ते मात्र खरे होते. रोज चार वाजता शाळा सुटली की बाई हातपाय धुऊन ओसरीवर बसत आणि तासभर तात्यांना कादंबरी वाचून दाखवत. तात्या तीन वाजल्यापासूनच सावरून बसलेले असत. गोष्ट रंगात आली की त्यांचे बोट खाटेच्या पाटीवर तारेच्या यंत्रासारखे टकटक करू लागे. पुढे मीही निमित्त काढून जाऊ लागलो, पण मी पोहोचेपर्यंत वाचन आटोपलेले असे. मग तात्या मला गोष्ट सांगत, बरेचसे पदरचे घालून असे मला वाटे, आणि बाई आत जाता जाता म्हणत, "त्यांचं सगळं खरं मानू नका. पुस्तक टाकाऊ आहे."

त्यांचा तिरस्कार एकट्या पुस्तकांपुरता नव्हता, पुस्तकांनी हळव्या झालेल्या माणसांवरही होता. वकिलांच्या एका मुलाने कादंबरी वाचून भावी पत्नीला सोळा पानांचे प्रेमपत्र लिहिले होते आणि ते पत्र सासऱ्याच्या हाती पडून लग्न मोडता मोडता राहिले होते. बाई म्हणाल्या, "सोळा पानांत 'तू जेवलीस का' एवढं विचारलं असतं तरी सासरा विरघळला असता." मी त्या सुमारास स्वतःच एक कादंबरी लिहीत होतो. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी माझा नायक किती वेळा जेवतो ते पाहिले. एकदाही नाही.

एवढ्यात आमच्या कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब यांनी 'शशिवदना' लिहिली. मुन्सफीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ. हुकूमनामे लिहून हाताला जी सवय लागली होती तीच प्रेमाला लावली होती. कोणतेही वाक्य पानाच्या आत संपत नव्हते. वाचनालयाला त्यांनी पाच प्रती भेट दिल्या आणि त्या कपाटात दर्शनी लावायला लावल्या. बाईंची चिठ्ठी आली: "रावसाहेबांनी कादंबरी लिहिली नसती तर माझे त्यांच्याविषयीचे मत चांगले राहिले असते." ती मी कमिटीपुढे वाचली नाही, कारण रावसाहेब मुलींच्या शाळेच्या कमिटीवरही होते.

तात्या मात्र 'शशिवदने'वर खूश होते. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, ज्याला त्याला ती गोष्ट सांगत. ते रावसाहेबांच्या कानावर गेले. नावाजणारा पहिलाच वाचक; त्याला भेटायची त्यांना घाई झाली. एका रविवारी सकाळी पागोटे घालून ते माझ्याबरोबर नौपाड्यात आले. बाईंनी गूळपाणी ठेवले आणि त्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला काही ठीक दिसला नाही.

"रावसाहेब," तात्या हात जोडून म्हणाले, "शेवट काय लिहिलात हो! सरदार येतो, सांगतो तुझा प्रियकर लढाईत मेला, आता माझ्याशी लग्न कर. आणि ती पोर शांतपणे म्हणते, 'प्रेत दाखवा.'"

रावसाहेबांनी गूळपाण्याचा पेला खाली ठेवला.

"'मेला म्हणता ना? मग प्रेत दाखवा. तोवर मी लग्नही करणार नाही आणि मरणारही नाही.' काय हो हिंमत! सरदाराची दातखीळच बसते!"

"अहो, त्यांना उशीर होतोय," बाई म्हणाल्या.

"थांब गं. रावसाहेब, हे दोन शब्द तुम्हाला सुचले कसे?"

"माझ्या पुस्तकात," रावसाहेब सावकाश म्हणाले, "शशिवदना विलाप करते आणि तळ्यात उडी घेते. दोनशे सत्त्याण्णवाव्या पानावर."

रावसाहेबांनी एकदा बाईंकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि जोडे घालून निघून गेले. मीही जायला हवे होते, पण मी तिथेच राहिलो.

"आजवरची सगळीच बदललीस?" तात्यांनी विचारले.

"बहुतेक."

"मी आंधळा म्हणून?"

"मला ते वाचवत नव्हतं हो. त्या बाया उठता बसता रडतात, पडतात, जीव देतात. आणि तुम्ही तीन वाजल्यापासून वाट बघत बसलेले असता. मग काय करू? पुस्तक मिटून ठेवू?"

"मला विचारायचं होतंस." तात्या म्हणाले. "मी लोकांना सांगत हिंडलो. जगात कोणी हसलं तर माझ्यासमोर हसतं की मागे, ते मला कळत नाही. तू तरी..." बाईंनी पेले उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा निरोप आला: चार वाजता येऊन जसे छापले आहे तसे वाचून दाखवाल का? मी गेलो. बाई आत भाजी निवडत होत्या. मी 'शशिवदना' अक्षरशः वाचू लागलो. तात्या मान ताठ ठेवून ऐकत होते. त्यांचे बोट हलले नाही. दोन दिवस गेले, तीन गेले. नवरा-बायकोत बोलणे नव्हते. ताट पुढे सरकवल्याचा आवाज हेच काय ते संभाषण. चौथ्या दिवशी आम्ही सरदाराच्या पहिल्या धमकीपाशी आलो. शशिवदना मूर्च्छित पडली.

"परत?" तात्या म्हणाले.

"हो. ही सहावी."

तात्यांनी तोंड वाकडे केले. मग आत ऐकू जाईल अशा बेताने मला विचारले, "ग्रंथपाल, इथे ती मागे काय म्हणाली होती हो?"

"मला कसं ठाऊक असणार, तात्या?"

आत भाजीची जुडी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "ती म्हणाली," बाई तिथूनच म्हणाल्या, "'सकाळपासून उभी आहे मी. आधी जेवायला घाला, मग धमकी द्या.'"

तात्या हसले नाहीत. खाटेवर सरकून त्यांनी जागा केली आणि म्हणाले, "पुस्तक तिच्याकडे द्या. आणि तू, जिथे बदलशील तिथे मला सांगायचं. मग मी ठरवीन कोणतं बरं ते."

त्यानंतर एका कादंबरीच्या दोन होऊ लागल्या. कधी कधी तात्या छापील बाजूने भांडत, केवळ भांडायला मिळावे म्हणून.

रावसाहेबांनी मात्र ठरवायचे ते ठरवले होते. दोन महिन्यांत बाईंची बदली कल्याणच्या शाळेत झाली. तेथली हवा प्रकृतीला मानवेल असे हुकुमात लिहिले होते. कोणाच्या प्रकृतीला ते लिहिले नव्हते. त्या शाळेच्या छपरातून आकाश दिसे. पुढच्या वर्षी 'शशिवदने'ची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात नायिका तळ्यात उडी घेत नाही, प्रेत पाहायला मागते. मी प्रत घेऊन धावत कल्याणला गेलो. बाईंनी शेवट वाचला आणि पुस्तक माझ्या हातात परत दिले. "दोन शब्दांचं काम चौदा ओळींत केलंय. चोरीसुद्धा धड येत नाही."

कल्याणला तात्या दोन वर्षे जगले, आणि मग तापाने गेले. मी समाचाराला गेलो तेव्हा नवीन आलेली एक कादंबरी सोबत नेली होती, सवयीने. बाईंनी ती उघडली नाही. "नाव कमी करा यादीतून," त्या म्हणाल्या. "मला स्वतःला कादंबऱ्या आवडत नाहीत." माझ्या लिहिण्याचे काय झाले ते विचारून त्यांनी हस्तलिखित मागवून घेतले आणि आठ दिवसांनी परत पाठवले. चिठ्ठीत होते: "दूधवाल्याचे दीड पान खरे आहे." मी ते दीड पान ठेवून बाकीचे बंबात घातले.

मग प्लेग आला. कल्याण गाव ओस पडले, लोक शहाडच्या अंगाला माळावर झोपड्या बांधून राहू लागले. तिथून बाईंचे पत्र आले, इतक्या वर्षांनी पहिले. "इथे बायका दिवसभर भीत बसलेल्या असतात. एकमेकींच्या काखेत गाठ आली का ते पाहतात. कादंबऱ्या पाठवा. वाईट असल्या तरी चालतील, नाही तरी वाईटच असतात." मी सात पाठवल्या. तीन आठवड्यांनी कळले की बाईही गेल्या. झोपडी आणि आतले सगळे सामान जाळून टाकण्यात आले. सात पुस्तकांची नावे मी यादीत तांबड्या शाईने खोडली आणि त्या दिवशी वाचनालय लवकर बंद केले.

साथ ओसरल्यावर एका दुपारी वाचनालयाच्या पायरीशी बांगड्यांची पाटी टेकवून एक कासारीण उभी राहिली. आमच्याकडे त्या काळी बायका येत नसत. ती आत यायला तयार नव्हती; मीच बाहेर गेलो.

"दादा, शहाडच्या माळावर मास्तरीणबाई वाचायच्या, ती बुकं इथलीच ना? त्यातलं एक अर्धंच राह्यलं. त्यांना ताप भरला."

"कोणतं?"

"नाव न्हाई ठावं. ती पोरगी एकटीच होडी घेऊन खाडीत जाते बघा, चोरांच्या मागं. भरती लागते. तितपर झालं. पुढं काय?"

मी त्या सातही कादंबऱ्या वाचल्या होत्या. कोणत्याही नायिकेने आयुष्यात वल्हे हाती धरले नव्हते. ते मी तिला सांगणार होतो, पण ती पदराने घाम पुसत वाट पाहत होती. मी पायरीवर बसलो आणि मनाला येईल ते रचू लागलो. "भरती लागली. होडी हेलकावे खाऊ लागली. एवढ्यात तिच्यावर ज्याचं प्रेम होतं तो तरुण काठावर आला, त्याने पाण्यात उडी घेतली आणि..."

"तो कशाला येतोय मधी?" कासारणीने मला तोडले. "तिला वल्हवता येतंय की! आन् भरती म्हंजे पानी आत येतं, चोर आतल्या अंगाला, कळव्याकडं पळालेत, म्हंजे पानी तिच्याच बाजूनं. तुमाला खाडी ठावी न्हाई का? बाईंनी असलं काय सांगितलं नसतं."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

तिने पाटी बाजूला सरकवली, माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसली आणि त्या पोरीला पाण्याच्या धारेबरोबर पुढे नेऊ लागली.