पाण्यात चालायचे बूट

पाण्याची मला पहिल्यापासून धास्ती. आणि डॉक्टरांनी नेमकं तेच सांगितलं: गुडघा वाचवायचा तर कमरेएवढ्या पाण्यात चाला, नाहीतर ऑपरेशन. म्हटलं, एक वेळ बुडेन, पण कापून घेणार नाही.

वाशिमला पोहायचा तलाव आहे, पण आमच्या खेड्यातून एसटीनं रोज कोण जाईल? धाकट्या जावेच्या वावरात शेततळं होतं, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, उतरत्या काठांचं. त्या कागदावर शेवाळ धरतं, पाय ठेवला की सुटलाच. त्यामुळे माझं डोकं एकाच गोष्टीत अडकलं, घसरू नये म्हणून पायात काय घालावं.

रिसोडच्या बाजारात चपलांच्या दुकानातल्या चाचांना म्हटलं, पाण्यात घालायचं काही द्या. त्यांनी गमबूट पुढे ठेवले. त्यांचं तरी काय चुकलं! आमच्याकडे पाण्यात म्हणजे सोयाबीनच्या चिखलात. तळ खरबरीत, उंची गुडघ्याच्या खालपर्यंत, आणि थेंबभर पाणी आत येणार नाही असं त्यांनी बजावून सांगितलं. त्या एका वाक्यावर मी खूश. कमरेएवढ्या पाण्यात त्या बुटाचं काय होईल, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना माझ्या.

साडी फुगून पायात येते म्हणून मुलाची ट्रॅकपँट चढवली. जाऊ हसून हसून बेजार. मला कसलं हसू! कमरेला दोर बांधशील तरच उतरते, असं मी हटून बसले. मग तिनं बैलाचा कासरा माझ्या कमरेला बांधला, दुसरं टोक काठावरच्या निंबाला गुंडाळून हातात धरलं.

पहिलं पाऊल छान रोवलं. दुसऱ्याला बुटांच्या काठावरून पाणी गटगट आत शिरलं. मग पाय उचलेना. ओढायला गेले तर उभीच्या उभी कागदावरून खाली सरकू लागले. छाती बुडाली, गळा बुडाला. ओरडायला तोंड उघडलं तर पाणीच आत गेलं. मेले, एवढंच मनात आलं. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही.

"बाई, पाय काढा बुटातून! मरू द्या ते बूट!" जाऊ वरून ओरडली.

काढते कशी? भीतीनं मी बोटं आत आवळून बूट गच्च धरले होते. ती पुन्हा ओरडली तेव्हा कुठं बोटं सैल झाली. एक पाय सुटला, मग दुसरा, आणि तिनं मला कासऱ्यानं वर ओढलं. कागदावर पालथी पडून मी लहान पोरीसारखी रडले.

आता मी मुकाट्यानं एसटीनं वाशिमला जाते, तलावाच्या उथळ भागात चालते. पायात जाळीचे, घट्ट बसणारे बूट. घेताना दुकानात तांब्याभर पाणी मागितलं, बुटात ओतलं आणि सगळं निघून जातं का ते पाहिलं. दुकानदाराला काय समजायचं ते समजो.

उन्हाळ्यात जावेनं वावरात बोलावलं. तळं आटत आलं होतं. एक बूट आडवा पडलेला, दुसरा कागदावर सरळ उभा. तळ्याचं पाणी उतरलं होतं, तो मात्र काठोकाठ भरलेला.

"काढून देऊ काय तुमाले? नवेच हायेत," जाऊ म्हणाली.

राहू दे म्हटलं, आणि निंबाला धरून उभी राहिले.